पितळ आधी सांगत नाही

लोखंड बोलकं असतं.
तापलं की लाल होतं, मग केशरी,
वितळायच्या आधी तीनदा बजावतं.
वीस वर्षं मी त्याचंच ऐकत आलो,
उसाच्या ट्रॉल्या, गोठ्यांची फाटकं,
निपाणीतल्या निम्म्या शटरांच्या पट्ट्या.
हाताला वाटायला लागलं, धातू म्हणजे एवढंच.

मग बाबगोंडा आला
पाठीवर पितळी पंप घेऊन,
वडलांचा, तंबाखूवर औषध मारायचा.
बुडाशी बोटभर चीर.
"डाग नको, दाबाला टिकत नाही. जोडून दे."
"त्यात काय? संध्याकाळी ने की."

ती संध्याकाळ दोन महिन्यांनी झाली.

पंपाला हात लावला नाही, एवढी अक्कल होती.
मोडीतून किलोभर पत्रा आणला.
पहिल्या तुकड्यावर ज्योत धरली
आणि लाल व्हायची वाट बघत बसलो.
तो पिवळाच. पिवळाच.
मग तिथं काहीच नव्हतं,
रुपयाएवढं भोक, आणि भोकातून दिसणारी वीट.

दुसरा, भोक.
तिसऱ्याला ज्योत लांब धरली,
तारेच्या गोळ्या झाल्या, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारख्या
पळत सुटल्या, एक चिकटेल तर शपथ.
चौथ्याला रागानं आर्कची कांडी लावली.
ते कुणाला सांगू नका.

सहाव्यातून पांढरा धूर निघाला
आणि कडेला सावरीच्या कापसासारखं काहीतरी साचलं.
देखणं होतं. मी वाकून बघितलं.
रात्री जिभेवर गोडसर चव, मग हुडहुडी,
तीन वाकळांखाली दात वाजतायत
आणि शेवंता विचारतेय, "कुठं जेवून आलास?"
पितळेतलं जस्त म्हणे उडून जातं, आच जास्त झाली की.
माझ्या छातीतून गेलं ते.
सकाळी ताप नाही, काही नाही.
पितळ उघडं पडणं म्हणतात.
कुणाचं, ते त्या आठवड्यात कळलं.

संकेश्वरला मोनप्पा पत्ताराकडे गेलो.
तो नथीचा फासा जोडत होता, तोंडात फुंकणी,
म्हणून मीही गप्प उभा.
जोडावर पांढरी पूड होती.
ती लाहीसारखी फुगली, खाली बसली,
मग पातळ होऊन काचेसारखी चमकली.
तेव्हाच, त्याआधी नाही, त्यानं टाका पळवला.
फुंकणी काढून म्हणाला, "बंगारानू हेळंगिल्ल.
सोनंपण सांगत नाही. हिला विचारायचं."

पेठेत टाकणखार मागितला.
दुकानदार नुसता बघत राहिला.
"बिळिगार अन्रि," मागचं गिऱ्हाईक म्हणालं.
म्हटलं. पावशेर मिळाला, कागदाच्या पुडीत.

अकरावा तुकडा. दार उघडं, वारा पाठीशी,
ऑक्सिजनची चावी जराशी जास्त,
ज्योत आखूड झाली, फिस्स करत.
पितळेकडे बघितलंच नाही.
पुडीकडे बघितलं. फुगली. बसली. चमकली.
तार टेकवली
आणि ती आपणहून फटीत शिरली,
जशी मांजर ओळखीच्या घरात शिरते.
मी पुढं काही केलं नाही. करायचं नव्हतं.
(बारावा पुन्हा फसला. सांगितलेलं बरं.)

एकविसाव्यानंतर पंप घेतला.
जोड ओबडधोबड आला, कानशीनं घासला,
हौदात बुडवून दांडा मारला,
बुडबुडा नाही.
शेवंतानंही एकदा दांडा मारून बघितला.

बाबगोंडानं जोडावर अंगठा फिरवला, वास घेतला,
पैसे दिले, चांगलं म्हणाला नाही.
पंधरा दिवसांनी परत दारात,
पाठ भिजलेली.
"तुझा जोड बरा हाय," तो म्हणाला,
"आता त्याच्या शेजारी गळतंय."

जुना पत्रा. झिजून कागद झालेला.
लोखंड असतं तर बोललो असतो दोन शब्द.
मी पुडी उघडली.
तळाला चिमूटभर होती.