दुसरा मजला

डलूथला बर्फ होता. टेबलावर
हेस्टर ब्रॅमहॉलची कादंबरी, ग्रिम्सबीहून आलेली,
तीनशे बारा पानं, एप्रिलच्या आत
अमेरिकी वाचकांच्या घशाखाली उतरतील अशी करून द्यायची.

सुरुवातीला काम म्हणजे हातचा मळ.
रंगातला यू काढला, अफवेतला यू काढला,
शेजाऱ्यातलाही; शेजारी तसाच राहिला,
कुंपणावरून डोकावणारा.
लॉरीचा ट्रक झाला, बिस्किटांच्या कुकीज,
जरा जास्तच गोड, पण चालायचं.

करड्या समुद्रापाशी अडले थोडी.
तिचा ग्रे ई घालून, आमचा ए घालून.
खिडकीतून सरोवराकडे पाहिलं :
गोठलेलं, कुणाचीच बाजू न घेणारं.
ए घातला.

मग पान एकशे नव्वद.
तिथे रॉली, नऊ वर्षांचा,
पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पडतो.
त्यांचा पहिला म्हणजे आमचा दुसरा;
आमचा पहिला जमिनीलाच टेकलेला,
तिथून पडलं तर फार तर गुडघा फुटेल.
म्हणून मी त्याला उचललं,
जिना चढवून वर नेलं,
खिडकी होती तशीच उघडी ठेवली.
तितक्याच उंचीवरून पडायला हवा होता तो.
एका शब्दाचं काम,
पेन्सिलीनं, कॉफी निवायच्या आत.

पडताना तो हाक मारतो : मम.
नियमाप्रमाणे मी मॉम केलं.

पंधरा दिवसांनी पानं परत आली.
बाकी सगळं तिला मान्य. समुद्रसुद्धा.
त्या एका शब्दाशेजारी, हिरव्या शाईत :
‘मिस कीविस्टो, मॉम म्हणायला
जबडा खाली न्यावा लागतो.
एवढा वेळ मी त्याला दिलेला नाही.’

रिकाम्या स्वयंपाकघरात मी दोन्ही म्हणून पाहिलं.

माझी आई शेवटच्या रात्री
तिच्या आईला हाक मारत होती, आइती, आइती,
फिनिश बोलणं सोडून साठ वर्षं झाली होती तिला.
मी नर्सला सांगितलं,
पाणी मागतेय बहुतेक.

खोडलेला शब्द परत हवा असला
की त्याच्याखाली टिंबं द्यायची,
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ : राहू द्या.
तीन पुरतात.
मी पार समासापर्यंत देत गेले.