पाण्याची उडी

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
ही शर्यत मात्र फेरीफेरीला पाणी मागते:
तीन हजार मीटर, अठ्ठावीस लाकडं,
सात वेळा तो खड्डा.

लाकूड पडत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.
साधं हर्डल लाथ बसली की आडवं होतं, माफ करतं.
हे नाही. हे कचेरीतल्या हेडक्लार्कसारखं
जागचं हलत नाही. तुमचंच गुडघं फुटतं.

मी नदाफ. सत्तावीस वर्षं नाशिकला, पोलीस तबेल्यात.
माझ्या घोड्याचं नाव काडतूस.
भिंत ओलांडली त्यानं, झाप ओलांडलं,
चराच्या काठाशी आला आणि कान मागं टाकले.
तो उभा, मी पाण्यात.
खांद्याचं हाड अजून थंडीत बोलतं.
मग कळलं: घोडा पाण्याला भीत नाही बे,
पाण्यात उताणं पडलेल्या आभाळाला भितो.
त्याला तळ नसतो.

स्रवंती येमूल सकाळी सहाला यायची, विडी घरकुलातून, सायकलवर.
आई दिवसाला हजार वळते.
पोरीच्याही बोटांना तंबाखूचा वास.
लाकडं मोजायची ती कट्ट्यांसारखी: पंचवीस, वर तीन सुट्टी.
स्रवंती म्हणजे वाहती नदी, आईनं एकदा सांगितलं,
तेलुगूत, मग मराठीत, मग हसून.
नदी रोज कोरड्या खड्ड्यावरनं उडायची.
मार्चमध्ये कुत्री व्यायली त्यात,
तर महिनाभर पाच पिल्लांवरनं.

मी सांगितलं, पूर्वी तिकडं साहेब लोक
लांबच्या कळसाकडं बोट दाखवून घोडे सोडायचे.
मधे कुंपण येवो, ओढा येवो, नजर कळसावर.
"मग आपला कळस कुठला, काका?"
तिनं स्वतःच इकडं तिकडं बघितलं
आणि बंद गिरणीचं धुराडं निवडलं.
टोकाला पिंपळ उगवलाय त्याच्या.
तिच्या बापाचा बाप त्याच भोंग्यावर उठायचा.
मी म्हटलं, चालंल.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला टँकर आला.
खरा, पाण्यानं भरलेला.
पाइप खड्ड्यात सोडला तशी
पलीकडच्या वस्तीतनं बाया घागरी घेऊन कुंपणाला लागल्या.
"पोरींच्या उड्यांला पाणी हाय व्हय?
आमची तर आज चौथी रात्र."
माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.
एवढंच म्हणालो, शर्यत होऊ द्या, मग उपसून न्या, सगळं.

त्या थांबल्या. घागरी पालथ्या घालून वर बसल्या.
या खेळाला इतकी माणसं मी कधी बघितली नव्हती.

पाच पोरी. पहिल्या फेरीला स्रवंती तिसरी.
लाकडाच्या दहा पावलं आधी तिची मान आखडली.
मला काडतूसचे कान दिसले.
खड्ड्यात सोलापूरचं सगळं आभाळ भरलेलं,
एक घार, विजेच्या दोन तारा,
आणि उलटं धुराडं.
पावलं चुकली. लाकडावर पाय ठेवला आणि ती
थांबली. वरच. उभी.
शर्यतीत कोणी उभं राहत नाही असं.
मी ओरडलो का? आठवत नाही.
कुंपणाकडनं एक म्हातारी ओरडली,
"अगं सांडू नको म्हंजे झालं!"

पोरगी हसली. हसतच पडली,
मांडीपर्यंत, आभाळाच्या चिंध्या करत.
उठली. पळाली.
पुढच्या सहा वेळा बाया मोजत होत्या, मोठ्यानं,
कन्नडात, तेलुगूत, मिळंल त्या भाषेत.

चौथी आली. निवड तिघींची.

संध्याकाळी खड्डा तळापर्यंत उपसला.
गढूळ पाणी, बुटांच्या मातीचं, धुण्याला चालतं म्हणाल्या.
म्हातारी शेवटी आली. घागर अर्धीच भरली.
स्रवंती तिथंच बसून मोजे काढत होती.
म्हातारीनं घागर तिच्यापुढं सरकवली.
"पीळ ह्यात."