लाइन लागली

हुडकेश्वरच्या पुढे, नाल्यापलीकडच्या ले-आउटात
विजेचे खांब सहाशे मीटर अलीकडेच थांबलेत,
कुठल्याशा सहीची वाट पाहत.
बारापात्रे बाईंनी वाट पाहिली नाही.
ग्रॅच्युइटीतून छतावर आठ पॅनल,
जिन्याखाली बॅटरी, भिंतीवर इन्व्हर्टर.
मी पोचलो तेव्हा दुपारचा दीड,
सेहेचाळीस डिग्री,
अंगणात ऊन मावत नव्हतं
आणि घरात पंखा बंद.

"रातभर चालते, भर उन्हात मरते.
उलटं काहून बाप्पा?"

जिन्याखाली फतकल मारून बसलो.
आधीच्या पोरानं सेटिंगमध्ये
'लेड ॲसिड' ठेवून दिलं होतं,
म्हणजे इन्व्हर्टर जुन्या सवयीनं
व्होल्टेज बघून भूक ओळखायचा.
पाण्याच्या बॅटरीचं ठीक आहे,
उपाशी असली की तिचं तोंड उतरतं.
लिथियमचं उतरत नाही.
ऐंशी टक्के असो की तीस,
चेहरा तोच, सपाट.
म्हणून हा वाढतच राहतो,
आणि आतला बीएमएस,
सोळा सेलांच्या सोळा नाड्या धरून बसलेला,
एक नाडी तीन पॉइंट पासष्टच्या वर गेली
की कोणाला न सांगता दार लावून घेतो.
खट्.
इन्व्हर्टर उभाच, हातात पळी,
समोर ताट नाही.

"म्हणजे दोघं बोलूनच नाही राहिले."
छत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात
कानाला हेडफोन लावून बसलेली बाई.
"वायर तं आहे ना मधात?"

होती. निळी, दोन्ही टोकं नीट बसलेली.
पण बॅटरी बोलायची चार-पाच नंबरच्या पिनेवर
आणि इन्व्हर्टर कान लावून होता एक-दोनवर.
शेजारच्याच दाराशी.
शिवाय टोकाला एकशेवीस ओहमचा तुकडा नव्हता.
तो नसला तर काय होतं, हे मी सांगायच्या आत
त्याच म्हणाल्या,
"आपलाच आवाज परत येते.
जबलपूर मागावं अन्
कानात आपलंच हॅलो."

क्लिप कापली.
चष्म्यावर घाम, हातात आठ केसांएवढ्या तारा.
पहिली क्लिप चुकली.
दुसऱ्या वेळी त्यांनी टॉर्च धरला
आणि रंग मोठ्यानं वाचून दाखवले,
नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा,
एक्सचेंजातल्या सुरात,
प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ,
जणू पलीकडे कोणी लिहून घेतंय.

बॅटरीची भाषा मेन्यूत सातवी निघाली.
सहा वेळा स्क्रीन मुकी.
मग एक रेघ. मग आकडा:
एक्क्याण्णव टक्के.
तापमान अठ्ठेचाळीस.
आणि आम्ही बघत असतानाच
चार्जिंग साठ अँपियरवरून वीसवर उतरलं.

"आता काय झालं?"
"काही नाही. बॅटरी म्हणाली,
गरम होतंय, जरा हळू वाढ.
त्यानं ऐकलं."

बाईंनी हुकावरच्या पिवळ्या हेल्मेटकडे पाहिलं.
कोराडीच्या बॉयलरचं, आत घामाचा पट्टा
अजून काळा.
"ह्यांनी नाही सांगितलं कधी,"
एवढं म्हणून पन्हं आणायला गेल्या.

पंखा फिरत होता. मी हत्यारं गोळा केली.
बॅटरी जिन्याखालून हलवा, म्हणालो,
उत्तरेच्या खोलीत न्या, तिथं हवा आहे.
हो म्हणाल्या.
हलवणार नाहीत, मला माहीत आहे,
त्या खोलीत त्यांच्या शिलाईचं मशीन आहे.
क्रिम्पर मात्र मीच तिथं विसरलो.

सकाळी सहाला फोन.
मी झोपेत, आवाज तोच, स्वच्छ:
"लाइन लागली आहे.
सत्तावन्न टक्के. ताप एकतीस.
तुमचा चिमटा माझ्याकडे आहे.
बोला."