चौथा सूर

सुखाचं अक्षर रावराणेंनी दारावर उलटं चिकटवलं.
आम्ही शिडीकडे धावलो,
सर्टिफिकेट कोर्स, दुसरं सत्र, शनिवार-रविवार,
अंगात नवी नवी अक्षरं, चूक दिसली की चैन नाही.
सामंत मॅडम म्हणाल्या, राहू दे,
तिकडे मुद्दामच उलटं लावतात:
'सुख उलटं झालं' आणि 'सुख आलं',
दोन्ही बोलायला एकच.
मी तेच म्हणत होतो, रावराणे शिडीवरून म्हणाले.

पूर्व आशिया सप्ताहाचा तिसरा दिवस.
व्हरांड्यात कोरियनच्या मुली
आरशाशिवाय नाच बसवत होत्या.
जपानीच्या टेबलावर कागदाचे करकोचे,
त्यातला एक पंख्याच्या वाऱ्याने पोह्यांच्या बशीत.
दर चार मिनिटांनी कालिन्यावरून विमान जाई,
तेवढा वेळ सगळ्या भाषा गप्प.

मी कुंचल्याच्या टेबलावर.
पाटी: तुमचं नाव चिनीत, दहा रुपये.
दुपारपर्यंत तीन अथर्व, एक दुर्वांकुर,
आणि एक मुलगी, जिला हवं होतं कुत्र्याचं नाव.

मग प्रमुख पाहुणे आले, एकटेच, वेळेच्या आधी.
हेन्री याप. वय बहात्तर. माझगाव, नवाब टँक.
आमच्यातला एक पुढे झाला
आणि घोकलेलं अख्खं स्वागत म्हणाला,
चारही सूर जागच्या जागी.
'बाळा, मराठीत बोल ना,' ते म्हणाले,
'माझी शाळा गिरगावातली.
घरी हक्का बोलायचे. त्यातल्या मला
शिव्या आणि भाज्या एवढंच येतं.'

सगळे हसले. मीही.
म्हटलं, काका, आडनाव लिहून देते, पैसे नकोत.
मँडरिनमध्ये 'याप'चं होतं 'ये'.
तोंड, आणि शेजारी दहा.
पाच रेघांत संपलं.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
'हे नाही.'
काका, हेच आहे.
'मला वाचता येत नाही, पण हे नाही.
ग्रँट रोडला बाबांचा दवाखाना होता, दातांचा.
बोर्डावर लाल रंगात, एवढं मोठं.
त्याच्या डोक्यावर गवत होतं.'

मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.
माझ्या हातातून त्यांनी कुंचला घेतला.
जुनं रूप, आपल्या पुस्तकात नाही, म्हणाल्या:
वर गवत, खाली झाड,
आणि दोघांच्या मधे, अंग चोरून, जग.
अर्थ, पान.

याप काका बोट फिरवत राहिले
कागदाला न टेकवता. शाई ओली होती.
'बासष्ट साली,' ते म्हणाले, आणि विमान आलं.
ओठ हलत होते.
विमान गेलं तेव्हा वाक्याचं शेपूट हाती लागलं:
'...स्वतःच स्टुलावर चढले. निळा ऑइलपेंट.
उन्हात तरी आतलं गवत दिसायचं,
म्हणून दुसरा हात दिला.
घरातली पत्रं बंबात.
दर सोमवारी चौकीत हजेरी, मी सोबत जायचो.
ज्या हवालदारापुढे सही करायची
त्याची दाढ बाबांनीच काढलेली.'

सभागृहात निवेदिकेने त्यांना
दोन संस्कृतींमधला पूल म्हटलं.
ते म्हणाले, पुलाजवळ राहतो एवढं खरं,
तोही आता पाडायला काढलाय.
भाषण तेवढंच.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर
ते पुन्हा माझ्या टेबलाशी.
चार कागद खराब केले. झाड जमलं,
जग प्रत्येक वेळी वाकडं.
मग विचारलं, आणि हा चौथा सूर कसा असतो?
पुस्तकात लिहिलंय: उंचावरून खाली, झटक्यात.
मी म्हटलं, अंधार पडल्यावर
आई गॅलरीतून हाक मारते ना, तसा.
एकदाच. दुसऱ्यांदा मारायची वेळ येऊ नये असा.

ते जरा थांबले. घसा साफ केला.
'ये!'

दाराशी रावराणे अक्षर सोडवत होते.
आलो, ते शिडीवरून म्हणाले.