पहिली का दुसरी

फॉर्ममध्ये एक रकाना आहे :
मागील शाळेचा तालुका.
यादी उघडते. आजरा, कागल, गगनबावडा,
पन्हाळा, भुदरगड, राधानगरी.
मस्कत कुठं असणार त्यात.
सुकुमारदादा माउस सरकवत म्हणतो,
"करवीर टाक गं, कोण बघायलंय."
मी करवीर टाकते
आणि रुवीतली माझी शाळा,
तिचे उन्हानं पांढरे पडलेले बाक,
सहावीच्या वर्गाबाहेरचा गार पाण्याचा नळ
एका क्लिकमध्ये पंचगंगेच्या काठी येऊन बसतात.
दोन सेकंदच.
मग लाल अक्षरात : शाळेचा क्रमांक जुळत नाही.

म्हणून विद्यानगर, म्हणून खिडकी क्रमांक चार.
पात्रतेसाठी समकक्षता,
समकक्षतेसाठी शिक्का,
शिक्का आहे पण पाठीमागं आहे, पुढं पाहिजे.
"आणि दाखल्यावर जन्मस्थळच नाही तुमच्या,"
बाई चष्म्यावरून बघतात,
"आपल्याकडं असतं."

आपल्याकडं.
हा शब्द घरी बाबांचा होता.
एसीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणायचे :
आपल्याकडं गूळ असा नसतो,
आपल्याकडं पाणी असं नसतं.
उद्यमनगरातलं लेथ मशीन सोडून गेलेला माणूस,
एकोणीस वर्षं समुद्राचं पाणी गोडं करत होता,
पाण्याबद्दल त्यांना बोलू द्यावं लागायचं.
मला तर बरीच वर्षं वाटायचं
की आपल्याकडं हे गावाचं नाव आहे,
कोल्हापूरच्या जरा अलीकडं, एसटी थांबते असं.

जन्माचा कागद महापालिकेत.
कडा कुरतडलेली वही,
त्यावरनं फिरणारं चौगुले क्लार्कचं बोट,
(आम्हीही चौगुलेच, पण "तुम्ही कुठले?"
याला मी "मस्कत" म्हटल्यावर ते पुढं बोलले नाहीत)
बोट थांबलं.
आई आहे. वडील आहेत.
वजन दोन किलो आठशे.
वेळ पहाटे चार दहा.
नावाच्या जागी एक आडवी रेघ.
"तुझं सगळं हाय की गं," कांचनआत्या म्हणाली,
"फकस्त तूच न्हाईस."
आणि हसू आवरेना तिला,
पिशवीतला डबा सांभाळत भिंतीला टेकून हसली,
मग माझ्याकडं बघून थांबली.

बारशाच्या आधीच व्हिसा आला होता म्हणे.

चौगुल्यांनी अर्ज पुढं केला, पेन दिलं.
"मराठीत. स्वच्छ."
सन्म पर्यंत बरं चाललं होतं.
त लिहिला, आणि हात थांबला.
"पहिली का दुसरी?" त्यांनी विचारलं.
मला वाटलं यादी म्हणतायत, प्रवेशाची.
म्हटलं, अजून लागलेली नाही.
"वेलांटी हो, वेलांटी."

पासपोर्टवर नुसता एक आय आहे,
त्याला पहिली दुसरी काही कळत नाही.
बाबांना फोन लावला.
पलीकडं पंपांचा आवाज, मग जरा कमी आवाज,
दार लोटून बाहेर आले असावेत.
"सन्मती," ते म्हणाले, "म्हणताना तर लांबच म्हणतो.
लिहून कधी बघितलंच न्हाई गं."

मागं रांग वाढत होती.
एक बाई मांडीवरचं बाळ हलवत होती,
त्याचंही नाव अजून ठरायचं असावं.
मी चौगुल्यांनाच विचारलं, काय करू?
ते शिक्क्याची डबी उघडत होते.
"शेवटाला आली की दुसरीच असती,"
मान वर न करता म्हणाले,
"त्यात काय विचारायचं."

मी दुसरी काढली.
जरा जास्तच लांब गेली,
रकान्याबाहेर.
चाललं त्यांना.

खाली आलो तर आत्याची स्कूटी
पोलिसांनी उचलून नेली होती.