सहाशे नंबर

भुसावळच्या भंगारात दीडशे रुपयांना मिळालेला राउटर,
एक अँटेना तुटका, पोटावर कुठल्याशा सायबर कॅफेचं स्टिकर.
रॅम चौसष्ट एमबी. साठवायला आठ.
माझ्या मोबाईलमधला भाचीच्या बारशाचा एक व्हिडिओ
याच्यात मावणार नाही.

भंगाळेअण्णा म्हणाले, "याच्यात एक्स्चेंज?
ताई, याच्यात कपभर चहा राहायचा नाही."
म्हटलं, चहा नको अण्णा, सावली द्या.
मे महिना, सावदा, पॅकिंग शेडच्या पत्र्याखाली सत्तेचाळीस.
शेवटी माठाच्या तिवईवर जागा मिळाली,
ओल्या फडक्यापासून वीतभर लांब.

मग मी काढत गेले.
होल्डवरचं संगीत काढलं,
थांबायचं त्यानं मुकाट्यानं थांबावं.
निरोपाची पेटी काढली.
कॉलची नोंद बंद केली, रोज लिहून लिहून चिप झिजते,
आणि केळीच्या वखारीत कोण कोणाशी बोललं
हे कोणाला पाहिजे?
एका वेळी चार बोलणी. पाचव्याला टूं टूं.
दोघांनी एकाच कोडेकमध्ये बोलायचं,
एकाचं दुसऱ्याला उलथून सांगायचं बळ
या प्रोसेसरात नाही.

एकशे एक काटा. एकशे दोन केबिन. एकशे तीन फाटक.
चार, पाच, सहा पिकवणीच्या खोल्या,
तिथं जाड दार लागलं की मोबाईल मुका,
आत फक्त गार हवा, गॅस आणि हिरवे घड.
पहिल्या दिवशी तारेतून आवाज आला,
"तीन नंबरचा गॅस बंद कर रे भो!"
"केला व्हता ना कवाचाच!"
मी हेडफोन काढून जरा वेळ नुसती बसले.

आणि सहाशे.
सहाशे म्हणजे कोणी नाही.
बोललेलं तेवढं परत ऐकवतो,
जोडणी तपासायला ठेवलेला.

दिल्लीचा ट्रक पहाटेवर गेला त्या रात्री
पडदा उघडाच होता माझ्यापुढे.
एक वाजून चाळीस. एकशे तीन, सहाशेला. चालू.
वाटलं, रिसीव्हर तिरपा राहिला असेल.
अकरा मिनिटांनी बंद.
दुसऱ्या रात्री मुद्दाम थांबले.
एक पन्नास. नऊ मिनिटं.

फाटकावर गुलसिंग पावरा,
यावलच्या वर, सातपुड्यात कुठेसा त्याचा पाडा.
आमच्याशी बोलतो ते मोजून, हो आणि नाही,
गाडीचा नंबर, आणि लाईट गेली.
चहा देता देता विचारलं, सहाशेवर कोण असतं रे?
तो हसला नाही, लाजलाही नाही.
"माझ्या बोलीत बोलतो, ताई. थोडं थांबून बोलतो.
पाड्यावर हाक दिली तर डोंगर पण तसाच."
काय बोलता एवढं?
"शेळ्यांचं."

पावसाच्या तोंडाशी चौथी खोली बांधली अण्णांनी.
एकशे सात पाहिजे. मेमरी काठोकाठ.
यादी उघडून बसले, काय काढू, काय काढू.
सहाशेवर बोट गेलं.
सुटली असती थोडी जागा, फार नाही.
मग केबिनच्या फोनवर
कोणाचा फोन आहे ते दाखवणारं काढून टाकलं.
अण्णा आता दर वेळी ओरडतात,
"कोन बोलतंय?"
बोलणारा आपलं नाव सांगतो. काही बिघडलं नाही.

लाईट जाते, येते.
राउटरला उठायला चाळीस सेकंद लागतात,
फोन एकेक करून हजेरी देतात.
आधी एकशे तीन, बहुतेक वेळा.

सेटिंगच्या फाईलमध्ये अर्धविरामापुढचं
यंत्र वाचत नाही,
ते आपल्यासाठी असतं, पुढे कोणी उघडेल त्याच्यासाठी.
सहाशेच्या ओळीला अर्धविराम दिला
आणि लिहिलं:
गुलसिंगचा आहे. जागा कमी पडली तर
दुसरं काहीतरी काढा.