अर्ध्या वेगानं

अक्कलकोट रोड एमआयडीसी, बुधवारची रात्रपाळी.
एअरजेटचे छत्तीस माग, त्यातले एकवीस बंद.
टॉवेलांचा माल कुठल्याशा बंदरात अडकलाय म्हणे,
म्हणून हवेला गिऱ्हाईक नाही.

इरय्या मठपतीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक
कंप्रेसरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला.
‘ऐक बे गुरम. आत कायतरी फिरायलंय.’
मला आधी नुसती घरघर.
मग तिच्याखालून
जाड, संथ,
मोटरच्या तालात न बसणारं
हूं... हूं...

मागच्या महिन्यात पुण्याच्या ताम्हाणे मॅडम आल्या होत्या.
पडद्यावर चाकाच्या वेगाची उंच रेघ,
आणि तिच्या बरीच अलीकडे एक खुंट,
जिथं काहीच नसायला पाहिजे तिथं.
लॉगशीटच्या पाठीवर त्यांनी चाक काढून दाखवलं:
हवा कमी पडली की पात्यावर तिरकी येते,
पात्याला धरून राहत नाही, सुटते.
दोन पात्यांमधलं एक घर तुंबतं.
त्याच्या दारातून परतलेली हवा
एका शेजाऱ्याकडे आणखी तिरकी घुसते, तो तुंबतो,
दुसऱ्याकडे सरळ, तो सुटतो.
‘कुठलंच पातं कायमचं आजारी नसतं,
आजारच फिरत राहतो.
चाकात बसून बघाल तर मागं मागं.
बाहेरून बघाल तर पुढंच चाललाय,
पण निम्म्या वेगानं.’

त्यांना वाटलं मला समजलं नाही.
मला नीलम नगरातली आमची गल्ली दिसत होती.
सतरा दारं.
माग थांबल्यापासून तिथं पाचशेचा एक खड्डा फिरतोय.
नोट नव्हे, खड्डा.
सोमवारी यमुलांच्या घरी: सिलिंडर.
यमुलांनी बोद्दूलांकडून घेतले, की खड्डा बोद्दूलांकडे.
बोद्दूल मग कोडमांच्या दारात.
कुणी बुडालं नाही अजून,
कुणी कोरडंही राहिलं नाही.
अम्माला त्याचा वार पाठ आहे,
नळाचं पाणी कधी येणार ते पाठ असतं तसा.
‘आपल्याकडं गुरुवारी,’ ती म्हणते
आणि सुपातली तेंदूची पानं कातरत राहते.

साडेतीनला आणखी सहा माग बंद झाले.
हूं हूं थांबलं.
मला वाटलं, बरं झालं.
इरय्या उठला होता तोवर.

धप्प.

पुढं गेलेली सगळी हवा एकदम माघारी आली.
फिल्टरघराचे पत्रे थडथडले,
काटा शून्याकडं झोपला, उठला, परत झोपला,
चहाचा ग्लास टेबलावरून चालत जाऊन फुटला.
धप्प.
ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह नेहमीसारखा अडकलेला.
इरय्यानं दोन्ही हातांनी चाक फिरवलं
आणि छपरावरच्या नळीतून
हवा किंचाळत आभाळात गेली.

लाहोटी धावत आले, लुंगीवरच.
‘युनिटचे पैसे भरतो मी! विकतची हवा फुकट सोडता?’
‘सोडली म्हणून मशीन हाय, सायेब,’
इरय्या म्हणाला, आणि काचा गोळा करायला बसला.

घरी आलो. गुरुवार.
बोद्दूलांची सून दारातून परत चालली होती,
डोळे पुसत की घाम, कळलं नाही.
अम्मानं तिला तीनशे दिले होते
आणि वर सांगितलं होतं, परत नको आणू.
‘आपण काय लाहोटी आहोत का,’ मी ओरडलो,
अगदी लाहोटींच्या आवाजात.
तिनं विडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला,
ताट माझ्याकडं सरकवलं.
‘तिनी पडुको,’ म्हणाली.
शेंगाचटणी, कालची कडक भाकरी.

डोळा लागेना. भिंतीला कान गेला माझा, आपोआप.
पलीकडं कुणीतरी हंडा ओढत होतं.
पाणी आलं होतं वाटतं,
एक दिवस आधीच.